सर्व्हिसिंगनंतर पट्टा किंचाळतोय?

सर्व्हिसिंगहून आणलेली गाडी सकाळी सुरू करताच बोनेटखालून 'चीं' करत असेल, तर लगेच नवा पट्टा घेऊ नका. इंजिन चालू ठेवून, हात लांब राखून, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला, तर पट्टा ढिला किंवा टेन्शनर थकलेला. कूलंट बदललं असेल तर पट्ट्यावर सांडलेले थेंबही बघा. आपल्या वाशीम-रिसोडकडे सोयाबीन काढणीत थ्रेशरचा भुसा अन् काळ्या मातीची धूळ खाचांत बसते, त्यानेही पट्टा चिवचिवतो. इंजिन बंद करून पट्टा उतरवला की आयडलर पुली हाताने फिरवा. खरखरली तर बेअरिंग गेलं. आवाज दाबायला साबण, ग्रीस? अजिबात नको, पट्टा आणखी घसरतो.