पित्तवाहिनीचा कर्करोग : अवस्थानिर्धारणाची कसोटी

कोणतीही अवस्थानिर्धारण-पद्धती तपासावयाची, तर ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी रचली आहे, हे आधी पाहावे लागते. उजवी व डावी यकृतवाहिनी जेथे मिळतात, तेथे उद्‌भवणाऱ्या कर्करोगाच्या बाबतीत हा विवेक विशेष आवश्यक आहे. कारण शस्त्रक्रियेने अर्बुद समूळ काढणे हाच दीर्घ जीविताचा मुख्य मार्ग होय.

बिस्म्युथ व कॉर्लेट यांनी १९७५ साली मांडलेले आणि पुढे विस्तारलेले वर्गीकरण अर्बुद वाहिन्यांतून कोठवर पसरले एवढेच सांगते. छेद कोठे घ्यावा हे ठरविण्यास ते उपयोगी पडते. परंतु रक्तवाहिन्या वा लसीका ग्रंथी यांविषयी ते मौन पाळते. जार्नागिन, ब्लमगार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत वाहिन्यांतील प्रसाराबरोबरच प्रवेशिका नीलेची बाधा आणि यकृतखंडाचा क्षय यांचाही विचार होतो. अर्बुद काढता येईल काय, हा तिचा प्रश्न. टीएनएम पद्धतीचा मुख्य रोख रोगफलावर आहे. परंतु तिचे पूर्ण उत्तर काढलेल्या ऊतकाच्या परीक्षणानंतरच मिळते.

रोगफलाच्या भाकिताची तुलना करताना सुसंगती-निर्देशांक वापरतात. दोन रुग्णांपैकी अधिक काळ कोण जगेल, हे किती वेळा बरोबर ओळखले गेले, ते तो दर्शवितो. ०.५ म्हणजे केवळ नाणेफेक, तर १ म्हणजे निर्दोष क्रम. मात्र येथे दोन सापळे संभवतात. पहिला असा की, अभ्यासात केवळ शस्त्रक्रिया झालेलेच रुग्ण असतील, तर अतिप्रसृत रोगाचे रुग्ण आधीच वगळलेले असतात; अशा निवडक समूहात चांगली पद्धतीही दुबळी भासू शकते. दुसरा असा की, टीएनएमच्या आठव्या आवृत्तीनुसार १ ते ३ ग्रंथी बाधित असल्यास एन१ आणि ४ वा अधिक असल्यास एन२ ठरते. ज्याच्या तीनच ग्रंथी काढल्या, त्याच्या बाबतीत एन२ सिद्ध होणेच अशक्य!

हा वाद केवळ पांडित्याचा नव्हे. सातव्या आवृत्तीत बिस्म्युथचा चौथा प्रकार, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दुय्यम शाखांपर्यंतचा प्रसार, टी४ मध्ये गणला जाई. २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत तो त्यातून वगळला आहे. केवळ वाहिन्यांतील प्रसार पाहून रुग्णास ‘असाध्य’ ठरविणे म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नास लावणे होय. आणि त्या चुकीचे मोल रुग्णास आपल्या आयुष्याने द्यावे लागते.