घरातील रिसीव्हर : मोठ्या आवाजापेक्षा स्पष्ट शब्दासाठी

अश्दोद असो, दिमोना असो की लोद-रामले असो, आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आता मोठ्या पडद्याचा टेलिव्हिजन आहे आणि त्याच्या जोडीला 'होम थिएटर' या नावाने ओळखला जाणारा ध्वनिसंचही येऊ लागला आहे. मुले तो मोठ्या हौसेने आणतात. परंतु थोड्याच दिवसांत घरातील वडीलधाऱ्यांची तक्रार सुरू होते : 'गाणी कानठळ्या बसवितात, पण बोलणे मात्र समजत नाही.' मग एक जण आवाज वाढवितो, दुसरा कमी करतो, आणि शेवटी आजी-आजोबा उठून आपल्या खोलीत जातात.

ही तक्रार क्षुल्लक मानू नये. मुलांना पडद्याखालची हिब्रू अक्षरे वाचता येतात. ज्यांनी प्रौढ वयात येथे येऊन हिब्रू जेमतेम आत्मसात केली, त्यांना ती वाचून होण्यापूर्वीच निघून जातात. मराठी चित्रपटाखाली असलीच तर इंग्रजी अक्षरे असतात. तेव्हा चित्रपट, नाटक किंवा कीर्तन ही त्यांच्यासाठी केवळ कानांनी ऐकावयाची गोष्ट होय. आणि नातवंडांच्या कानांवर अस्सल मराठी पडण्याचे प्रसंगही आता फार थोडे उरले आहेत. म्हणून रिसीव्हर घरी आणल्यावर त्याची मांडणी शब्द स्पष्ट ऐकू यावा या हेतूने कशी करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

यंत्राची ओळख

रिसीव्हर म्हणजे एका पेटीत बसविलेली अनेक यंत्रे. टेलिव्हिजन, डिस्क-प्लेअर, कॅसेट डेक यांपैकी कोणाचा आवाज घ्यावयाचा हे तो निवडतो, त्या आवाजाची स्पीकरांत वाटणी करतो आणि प्रत्येक स्पीकरला पुरेशी शक्ती पुरवितो. बहुतेकांत रेडिओही असतो. 'फाइव्ह पॉइंट वन' याचा अर्थ पाच स्पीकर व एक सबवूफर : समोर डावा, मधला व उजवा, श्रोत्याच्या बाजूंना दोन, आणि खर्जाचा आवाज काढणारा सबवूफर.

घरगुती उपयोगासाठी डॉल्बी सराउंड ही पद्धत १९८२ साली आली. तीत मधल्या स्पीकरची सोय नव्हती. ती १९८७ सालच्या प्रो-लॉजिकने केली. चित्रपटातील संवाद बहुतांशी या मधल्या स्पीकरमधून येतात. तेव्हा जो स्पीकर शब्द बोलतो, तोच पाहुण्यांच्या नजरेआड कपाटात कोंबून ठेवणे हे तक्रारीचे पहिले कारण होय.

बोलपटाच्या जन्माशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकलेला भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' हा आपल्यातीलच नाटककार जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावर आधारलेला होता. पडद्यावरील शब्द ऐकण्याची आवड आपल्याकडे आहे ती अशी वडिलोपार्जित आहे.

खरेदी करताना

विक्रेता प्रथम वॉटचा आकडा सांगतो. त्याने फारसे भुलू नये. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल वाढावा लागतो. म्हणजे ५० आणि १०० वॉटमधील फरक किमतीत जितका दिसतो तितका कानाला जाणवत नाही. त्यापेक्षा चांगल्या मधल्या स्पीकरवर पैसे खर्च करावेत. स्पीकरवर लिहिलेला ओहमचा आकडा (४, ६ किंवा ८) रिसीव्हरला चालतो की नाही, हे मात्र अवश्य पाहावे.

नातलगांनी परदेशातून आणलेल्या यंत्राबाबत विजेचा दाब तपासावा. इस्रायलप्रमाणे भारतातही २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असल्याने मुंबईहून आणलेल्या यंत्राला केवळ प्लग बदलून चालते. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असल्यास ते येथे थेट लावले की जळते. पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेले वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

खोली आणि स्पीकरांच्या जागा

आपल्या येथील घरांत फरशी उघडी, भिंती काँक्रीटच्या आणि सामान मोजके असते. उन्हाळ्यात हे सुखाचे असले, तरी अशा खोलीत प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येतो व पुढच्या शब्दात मिसळतो. बसण्याची जागा आणि टेलिव्हिजन यांच्यामधील फरशीवर एक जाड सतरंजी घालावी, खिडकीला जाड पडदा लावावा, एखाद्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठेवावे. एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या यंत्रानेही पडत नाही.

१९९१ सालच्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या इमारतींत ममाद असतो, आणि पुष्कळ कुटुंबे त्या खोलीतच टेलिव्हिजन ठेवितात. ही खोली लहान आणि चारही बाजूंनी काँक्रीटची असल्याने तिच्यात खर्जाचा आवाज घुमतो. तेथे सबवूफर कोपऱ्यात ठेवू नये, आणि त्याचा आवाज शक्य तितका कमी ठेवावा. शक्य असल्यास संच सालोनमध्येच मांडावा.

मधला स्पीकर टेलिव्हिजनच्या लगत वर किंवा खाली, फळीच्या अगदी कडेवर ठेवावा व त्याचे तोंड श्रोत्याच्या चेहऱ्याकडे किंचित वळवावे. डावा व उजवा स्पीकर बसणाऱ्याच्या समोरील रेषेपासून २२ ते ३० अंशांवर, कानाच्या उंचीला असावेत. बाजूचे दोन स्पीकर कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे, ११० ते १२० अंशांवर ठेवावेत. जागा अपुरी असल्यास बाजूचे स्पीकर लावले नाहीत तरी चालेल, मधला मात्र वगळू नये.

जोडणी

सर्व जोडण्या प्लग काढून ठेवूनच कराव्यात. स्पीकरची वायर दीड चौरस मिलिमीटर जाडीची घेतली म्हणजे घरातील अंतरांना पुरते. प्रत्येक वायरीच्या एका धाग्यावर खूण असते. खुणेचा धागा रिसीव्हरच्या लाल टोकाला लावला तर स्पीकरच्याही लाल टोकालाच लावावा. एका स्पीकरची ही टोके उलटी झाली तर आवाज पोकळ व दिशाहीन वाटतो आणि खर्ज नाहीसा होतो. तांब्याचा एखादा सुटा तंतू शेजारच्या टोकाला चिकटून राहिला नाही ना, हेही पाहावे, कारण त्याने यंत्र बंद पडते.

टेलिव्हिजन व रिसीव्हर यांच्यासाठी एचडीएमआयची एकच वायर पुरते, मात्र ती दोन्ही बाजूंना 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असे लिहिलेल्या खाचेत लावली पाहिजे. ही सोय २००९ सालापासूनची आहे. त्यापूर्वीच्या टेलिव्हिजनसाठी ऑप्टिकल वायर वापरावी. नंतर टेलिव्हिजनच्या यादीत जाऊन त्याचे स्वतःचे स्पीकर बंद करावेत, नाहीतर एकच वाक्य दोनदा ऐकू येते.

रिसीव्हर चालताना तापतो. त्याच्यावर किमान एक वीत जागा मोकळी सोडावी. आपल्याकडे वस्तूवर विणलेला रुमाल घालण्याची पद्धत आहे, ती येथे पाळू नये.

मोजमाप

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर या वेगाने जातो. बाजूचा स्पीकर मधल्यापेक्षा १.७ मीटरने जवळ असेल, तर त्याचा आवाज ५ मिलिसेकंद आधी पोहोचतो. रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवून धरतो, परंतु त्याला अंतरे ठाऊक असावी लागतात. त्यासाठी बहुतेक रिसीव्हरांसोबत एक लहान मायक्रोफोन मिळतो. डेनॉन व मरांट्झ यांत या पद्धतीला ऑडिसी आणि यामाहात वायपीएओ असे नाव आहे.

पंखा व एअर कंडिशनर बंद करून, मायक्रोफोन नेहमीच्या बैठकीच्या जागी कानाच्या उंचीवर तिवईवर ठेवावा. तो सोफ्याच्या पाठीवर टेकवू नये. पहिले मोजमाप आजोबा जेथे बसतात त्या जागी घ्यावे. काम पूर्ण झाल्यावर यंत्राने सांगितलेली अंतरे टेपने पडताळावीत. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षाहून जास्त दाखविले तर ते बदलू नये, कारण त्यात त्याच्या अंतर्गत विलंबाचाही हिशेब असतो. लहान स्पीकर 'स्मॉल' ठेवून त्यांची सीमा सामान्यतः ८० हर्ट्झ ठेवावी. त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो आणि लहान स्पीकरांवरचा भार हलका होतो.

शब्द स्पष्ट होण्यासाठी

उतारवयात प्रथम वरच्या पट्टीतील आवाज ऐकू येईनासे होतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, व्यंजनांचा मोठा भाग वरच्या पट्टीत असतो. म्हणून 'साप', 'ताप' आणि 'काप' हे तिन्ही शब्द वृद्ध कानाला सारखेच वाटतात. सगळा आवाज वाढविला की खर्जही वाढतो व व्यंजने अधिकच झाकली जातात. 'मोठ्याने लावले तरी समजत नाही' याचे कारण हेच होय. त्यावर पुढील उपाय करावेत.

पहिला, रिसीव्हरच्या यादीतून केवळ मधल्या स्पीकरचा आवाज २ ते ३ डेसिबलने वाढवावा आणि सबवूफरचा तितकाच कमी करावा. दुसरा, 'नाइट' किंवा 'डायनॅमिक' या नावाची सोय सुरू करावी. तीमुळे स्फोट व वाद्ये दबतात आणि हळू बोललेले शब्द वर येतात. तिसरा, सर्व स्पीकरांतून एकच आवाज काढणारी 'ऑल चॅनल स्टिरिओ' ही पद्धत संवादांसाठी वापरू नये, कारण तीत एकच शब्द पाच जागांहून पुढे-मागे येतो.

जुन्या चित्रपटांबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५३ सालच्या 'श्यामची आई'सारख्या चित्रपटांचा आवाज एकमार्गी आहे. तो डाव्या व उजव्या बाजूला सारखाच असतो. 'डॉल्बी सराउंड' ही पद्धत निवडली की रिसीव्हर असा समान आवाज मधल्या स्पीकरकडे पाठवितो आणि बोलणे थेट पडद्यातून आल्यासारखे ऐकू येते.

आवाजाचे आकडे पुष्कळ रिसीव्हरांवर उणे चिन्हाने दिसतात. उणे २० हा उणे ३० पेक्षा मोठा आवाज होय. रिमोट ज्यांच्या हाती द्यावयाचा त्यांना हे आधी समजावून सांगावे, आणि यादीतून आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवावी.

जुन्या ध्वनिफिती

पुष्कळ घरांत आलियाच्या वेळी सामानातून आणलेल्या कॅसेटी अजून डब्यात पडून आहेत : लग्नातील गाणी, मलिद्याच्या वेळचे एलियाहू हन्नाबीचे गायन, एखादे मराठी कीर्तन, मागे राहिलेल्या आजीने बोलून पाठविलेले पत्र. चांगला रिसीव्हर घरी असताना त्या मुक्या राहू नयेत.

कॅसेट डेकच्या लाल व पांढऱ्या पिना 'सीडी' किंवा 'ऑक्स' येथे जोडाव्यात. 'फोनो' ही जागा केवळ रेकॉर्ड-प्लेअरसाठी असते. त्याच्या सुईतून काही मिलिव्होल्टच येतात, म्हणून तेथे आवाज कितीतरी पटींनी वाढविलेला असतो, आणि तेथे डेक जोडल्यास आवाज फाटतो. रेकॉर्ड-प्लेअरला स्वतंत्र जमिनीची वायर असल्यास ती रिसीव्हरच्या 'ग्राउंड' स्क्रूला लावावी, म्हणजे घुमणारा गुणगुणाट थांबतो.

फीत लावण्यापूर्वी डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाने पुसून पूर्ण सुकू द्यावे. वर्षानुवर्षे पडून असलेली फीत प्रथम एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती प्रथम वाजेल तेव्हाच तिची संगणकावर नक्कल होईल अशी व्यवस्था आधी करून ठेवावी. जीर्ण फीत दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते.

शब्बाथ, शेजार आणि सुरक्षितता

आजचे टेलिव्हिजन व रिसीव्हर एचडीएमआयच्या वायरीतून एकमेकांना आपोआप सुरू व बंद करितात. घड्याळावर लावलेला टेलिव्हिजन शब्बाथच्या दिवशी रिसीव्हरलाही जागे करील. येथील पुष्कळ सॉकेटांना भारतातल्याप्रमाणे शेजारी बटण नसते. म्हणून बटण असलेली एक्स्टेन्शन वापरून, शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी संपूर्ण संच तेथूनच बंद करावा. यासंबंधी धार्मिक शंका असल्यास आपल्या रब्बींना विचारावे.

दुपारी २ ते ४ आणि रात्री ११ नंतर शेजाऱ्यांच्या विश्रांतीचा मान राखावा, कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. सबवूफर जाड रबरावर ठेवल्यास खालच्या मजल्यावर धक्के कमी जातात. शेवटची सूचना आपल्या येथील परिस्थितीची आहे. बाहेरचा सायरन ऐकू येणार नाही इतका मोठा आवाज कधीही ठेवू नये, पिकुद हा-ओरेफचा इशारा देणारा फोन जवळ असावा, आणि ममादच्या वाटेवर एकही वायर आडवी नसावी.

एवढी व्यवस्था करण्यास एक सायंकाळ पुरेशी होते. ती मुलांनी व वडिलांनी मिळून करावी. वायरी मुलांनी ओढाव्यात, आणि अखेरचा निर्णय मात्र आजी-आजोबांच्या कानांवर सोपवावा. त्यांना न विचारता वाक्य समजले, म्हणजे संच नीट लागला असे समजावे.