केडगावचा अग्नी आणि नंतरची सतरा वर्षे

ख्रिस्ती गूढसाधनेत दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या जातात. एक म्हणजे ईश्वराच्या सान्निध्याने देहभान हरपण्याची अवस्था. तिच्यात अश्रू येतात, शरीर कापते, काही दिसते, काही ऐकू येते, कधी न शिकलेल्या भाषेत तोंडून प्रार्थना निघते. दुसरी म्हणजे स्वभावात सावकाश होणारा पालट. राग ओसरतो, मी-पण झिजते, नकोशा माणसाचीही सेवा हातून होऊ लागते. पहिली घटकाभराची असते, दुसरीला आयुष्य लागते. पहिली आली की दुसरी पाठोपाठ येतेच का, आणि पहिलीवाचून दुसरी घडू शकते का, हे प्रश्न या परंपरेने पहिल्या शतकापासून सोडलेले नाहीत. महाराष्ट्रात त्यांची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, १९०५ च्या जूनअखेरीस.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. लोहारा, तुळजापूर, तेर हा धाराशिव जिल्ह्याचा मुलूखच घ्या. संबळ वाजू लागला की अंगात येणे म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. याच जिल्ह्यातल्या तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची कथाही घरोघरी ठाऊक आहे. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना आपले मूल पायाखाली आले, हे त्यांना कळले नाही. पुढे मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने एकेका संताचे डोके तपासले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. ज्याच्याशी पांडुरंग बोलतो, ज्याच्या हातचे जेवतो, तोच कच्चा निघाला. इतर संत थापटणे सोसून गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले. कच्चेपणाची खूण हीच होती. साक्षात्कार होऊनही मी-पण शाबूत राहू शकते, हे त्या कथेचे मर्म आहे आणि ख्रिस्ती साधक नेमके हेच वेगळ्या शब्दांत सांगत आले.

पहिल्या शतकात करिंथ शहरातल्या मंडळीत अन्य भाषांत बोलण्याचा जोर झाला. ज्यांना ते दान मिळाले ते स्वतःला वरचढ समजू लागले. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात या दानाला नकार दिलेला नाही. आपण स्वतः तसे बोलतो, हेही त्याने कबूल केले. पण ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा कळणाऱ्या पाच शब्दांना त्याने अधिक मोल दिले आणि प्रीती नसेल तर सारी दाने पोकळ ठरवली. गलतीकरांस लिहिताना त्याने ‘आत्म्याचे फळ’ असा शब्द वापरला. दान एका क्षणात हाती पडते, फळाला ऋतू लागतात. पुढची सारी चर्चा या दोन शब्दांभोवती फिरली.

या विषयावर सर्वांत स्पष्ट बोलली ती स्पेनमधल्या आविला गावची तेरेसा (१५१५–१५८२). तिचे बोलणे वजनदार आहे, कारण भावसमाधीचा अनुभव तिला भरपूर होता. लोकांदेखत भान हरपले की तिला संकोच वाटे. अशा वेळी आपल्याला खाली धरून ठेवा, असे ती मठातल्या भगिनींना सांगत असे. १५७७ मध्ये तिने ‘अंतरीचा किल्ला’ हा ग्रंथ लिहिला. त्यात जीव हा सात दालनसमूहांचा किल्ला आहे आणि राजा सर्वांत आतल्या दालनात राहतो. वाचकाला वाटते, दर्शने आणि समाधी सातव्या दालनात असणार. तिने ती सहाव्यात ठेवली. सातव्यात पोचलेल्या जीवाच्या समाधी जवळजवळ थांबतात. शांतता येते, दुःख सोसण्याची तयारी येते, आणि या मीलनातून सत्कृत्ये जन्मावीत एवढीच अपेक्षा उरते. देहभान हरपणे हे तिच्या लेखी देहाच्या दुबळेपणाचे लक्षण होते. नवे पाणी आले की कच्चा बांध थरथरतो, बांध पक्का झाला की तेच पाणी मुकाट वाहते, अशा रीतीने तिचे म्हणणे समजून घेता येईल.

तेरेसाची व्यवहारबुद्धीही लक्षात घ्यावी अशी आहे. उपासतापासाने खंगलेल्या काही भगिनी तासन्‌तास निपचित पडून राहत आणि त्याला समाधी म्हणत. एक तर आठ-आठ तास तशी पडे. तेरेसाने यावर उपाय सांगितला तो पोटभर अन्न, पुरेशी झोप आणि कमी तपश्चर्या. खरा अनुभव आणि अशक्तपणाची गुंगी बाहेरून सारखीच दिसते, हे तिने ओळखले होते. तिने स्वतः सुधारित मठ उभारण्यासाठी खेचरांच्या गाडीतून स्पेन पालथा घातला, जागांचे व्यवहार केले, कज्जे लढवले. स्वयंपाकघरातल्या भांड्यांमध्येही प्रभू वावरतो, ही तिची शिकवण होती.

तिचा सहकारी क्रूसाचा योहान (१५४२–१५९१) याहून कठोर होता. दर्शने आणि कानी पडणारे शब्द खरे असले तरी त्यांना चिकटू नये, असे तो सांगे. ते देवाकडून आले असतील तर त्यांचे काम ते आले त्याच क्षणी होऊन जाते, त्यांना जपून ठेवल्याने लोभ तेवढा वाढतो. गोडवा आटतो, प्रार्थना रुक्ष होते, देव दूर गेल्यासारखा वाटतो, त्या काळाला त्याने ‘रात्र’ म्हटले आणि खरी वाढ तिथेच होते असे मानले. १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या विरोधकांनी त्याला पकडून टोलेडोच्या एका अरुंद कोठडीत डांबले. सुमारे नऊ महिन्यांनी तो निसटला. त्याच्या उत्तम कवितांपैकी काही त्या अंधारात रचलेल्या आहेत.

केडगावला जे घडले त्याची पार्श्वभूमी मठाची नव्हती, दुष्काळाची होती. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्याला हलवले. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून, १९०० च्या सुमारास गुजरातेतून उपासमारीत सापडलेल्या मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनातली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. यातल्या बहुतेकींनी घरची माणसे मरताना पाहिली होती. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये धार्मिक संजीवनाची लाट उठली आणि वेल्श मिशनमार्फत ती पुढे खासी डोंगरांतही पोचली. वेल्सची बातमी ऐकून रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत प्रार्थनेसाठी एक गट जमवला. आरंभी सुमारे सत्तर जणी होत्या, पाहता पाहता त्या साडेपाचशेवर गेल्या. दिवसातून दोनदा प्रार्थना चाले.

२९ जूनच्या पहाटे वसतिगृहातली एक मुलगी जळते आहे असे दुसरीला दिसले. ती पाण्याची बादली घेऊन धावली, ओतणार तोच लक्षात आले की आग कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई आपल्या नेहमीच्या संथ पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस शाळेचे वर्ग बाजूला पडले. मुलींनी आपल्या पापांची कबुली दिली आणि एकमेकींची क्षमा मागितली. शरीरात दाह होतो असे अनेकींनी सांगितले. १९०६ च्या अखेरीपासून अन्य भाषांत प्रार्थनाही होऊ लागल्या.

हा सारा वृत्तान्त मुख्यतः रमाबाई आणि त्यांच्या सहकारी, अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिनी एब्रम्स, यांच्या लेखणीतून आला आहे. त्या दोघी तटस्थ नव्हत्या, श्रद्धावान होत्या. एकत्र राहणाऱ्या, भूक आणि मृत्यू पाहून आलेल्या शेकडो किशोरी, महिनोन्‌महिने चाललेली सामूहिक प्रार्थना आणि परदेशातून येणाऱ्या तशाच बातम्या, या सगळ्यातून भावनेचा उद्रेक व्हावा याचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण देता येईल. दाबून ठेवलेले दुःख तिथे पहिल्यांदा मोकळे झाले, हेही शक्य आहे. मात्र ख्रिस्ती परंपरेची कसोटी या स्पष्टीकरणावर थांबत नाही. उद्रेक कशातून झाला यापेक्षा तो ओसरल्यावर काय उरले, हे ती आधी पाहते.

काही मिशनऱ्यांना केडगावचा गलबला रुचला नाही. हिंदुस्थानी बायकांचा हा अनावर स्वभाव आहे, धर्म नव्हे, असा सूर निघाला. रमाबाईंनी यावर जी भूमिका घेतली ती आजही वाचण्याजोगी आहे. हिंदुस्थानी माणसाला देवानेच घडवले आहे, त्याची भक्ती त्याच्या स्वभावाच्या वळणाने प्रकटू द्यावी, पाश्चात्त्य शिस्तीचा साचा तिच्यावर लादू नये, असे त्यांनी बजावले. अन्य भाषांच्या दानाचीही त्यांनी पाठराखण केली. पण ते दान प्रत्येकाला मिळालेच पाहिजे, तीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण, हे त्यांनी मान्य केले नाही. स्वतःबद्दल तसा दावाही केला नाही. प्रीती ही त्यांच्या दृष्टीने अधिक भरवशाची खूण होती. एका बाजूने मुलींचा आवेग झाकायचा नाही आणि दुसऱ्या बाजूने त्याला पदवी मानायचे नाही, ही जागा टिकवणे सोपे नव्हते. त्या काळात अनेकांना ते जमले नाही.

या जाणतेपणाचे मूळ त्यांच्या स्वतःच्या वाटचालीत आहे. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो विचारांती घेतलेला निर्णय होता आणि त्यानंतरही त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी सिद्धांतांवरून निकराचा वाद घातला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही, हे त्यांना उमगायला १८९१ साल उजाडले. १९०७ मध्ये लिहिलेल्या ‘साक्षी’त त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले. आठ वर्षांचा हा कोरडा प्रवास ज्या बाईने केला, तिला एका रात्रीतल्या अश्रूंचे मोल कळते आणि त्यांची मर्यादाही कळते.

केडगावी जे उरले त्याचा पहिला भाग लगेच दिसला. सुमारे सातशे मुली आणि स्त्रिया प्रार्थना, बायबलचा अभ्यास आणि गावोगावच्या भेटींसाठी पुढे आल्या. रोज साठएक जणी पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जात. लाट समुद्रापारही गेली. एब्रम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिलीमधल्या हूवर या मिशनरी दांपत्यापर्यंत पोचले आणि १९०९ मध्ये वालपराइसोच्या मंडळीत जे संजीवन झाले त्यामागे केडगावची प्रेरणा होती. संजीवनाच्या या लाटेचा इतिहास सांगताना अजूनही बहुतेक जण १९०६ मध्ये लॉस एंजेलिसला झालेल्या संजीवनापासून सुरुवात करतात. केडगाव त्याच्या आधीचे आहे आणि त्याला हे श्रेय मिळायलाच हवे.

दुसरा भाग गाजावाजाविना झाला आणि तो जास्त मोलाचा आहे. मुक्ती सदनात शेती, विणकाम, दुग्धशाळा, छापखाना चालत राहिला. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले जाई. ज्यांना समाजाने टाकले होते अशा स्त्रियांसाठी कृपा सदन होते. संजीवनाची गर्दी ओसरली तरी पाणी भरणे, दळणे, आजाऱ्यांची सेवा यांत खंड पडला नाही. आणि रमाबाई एका मेजापाशी बसल्या. मराठी बायबलची प्रचलित भाषा खेड्यातल्या बाईला जड जाते, हे त्यांना दिसत होते. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि मुळावरून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवायला घेतले. संस्कृत पाठांवर वाढलेल्या, कोलकात्याने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या विदुषीने पंडिती शब्द एकेक करून बाजूला काढावेत, हा अहंकार झिजवण्याचाच एक प्रकार होता. त्यात दर्शने नव्हती. व्याकरण होते, कोश होते आणि मुद्रिते होती. वयाबरोबर ऐकू येणे कमी झाले, प्रकृती ढासळली. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती मुलगी मनोरमाबाई गेली. सदनाचा कारभार जिच्या हाती द्यायचा, तीच आधी गेली. क्रूसाच्या योहानाने जिला रात्र म्हटले ती याहून वेगळी कशी असेल? रमाबाईंचे काम थांबले नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुद्रिते तपासून संपेपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी केली होती आणि शेवटचे पान हातावेगळे झाल्यावर त्यांनी प्राण सोडला, असे सांगतात. त्या जूनअखेरच्या संध्याकाळीला तेव्हा जवळजवळ सतरा वर्षे होत आली होती. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले ते बायबल १९२४ मध्ये पूर्ण बाहेर पडले.