सीताफळाचे डोळे कोण उघडतं?

हंगामात दिवे घाटाच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या घेऊन मावश्या बसलेल्या दिसतात. गाडी थांबलीच, तर पाटीतलं एक फळ हातात घेऊन नीट बघा. अंगावर हिरवे उंचवटे, आणि दोन उंचवट्यांमधल्या खाचा पिवळट-पांढऱ्या झालेल्या. याला म्हणतात फळाचे डोळे उघडणं. "डोळे उघडलेत बाळा, दोन दिवसांत खाशील," असं मावशी सांगते ना, ते अगदी शास्त्राला धरून असतं. फळ आतून भरत आलं की उंचवटे एकमेकांपासून लांब सरकतात आणि मधली कोवळी साल उघडी पडते. झाड जणू कळवतं, की माझं काम झालं, आता तोडा. डोळे मिटलेलं कोवळं फळ तोडलं, तर ते बहुतेक वेळा पिकतच नाही, कडक राहून काळं पडतं.

आता सांगा, हे उंचवटे आले कुठून? पेरूला नाहीत, आंब्याला नाहीत, मग सीताफळालाच का?

याचं उत्तर फुलात आहे. आणि ते फूल बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं! पुरंदरच्या मुरमाड उतारावर पहिला पाऊस पडला की नव्या फांद्यांवर ही फुलं लटकतात. हिरवट रंग, तीन जाड पाकळ्या, तोंड खाली. अर्धवट सोललेलं इवलंसं केळं उलटं टांगावं, तसं दिसतं ते. पाकळ्या हळूच बाजूला करा. मधोमध एक छोटा उंचवटा असतो. तो एक नसतो बरं का, तो असतो खूप साऱ्या स्त्रीकेसरांचा घोळका. त्याच्या खाली, भोवतीनं दाटीवाटीने पुंकेसर बसलेले असतात. घोळक्यातल्या एकेका स्त्रीकेसराची फळात एकेक पाकळी होते, म्हणजे आपण चमच्याने काढतो तो पांढरा गर. बाहेरून दिसणारा उंचवटा हे तिचंच टोक. म्हणजे एक सीताफळ म्हणजे खरं तर एकमेकांना चिकटून वाढलेली कितीतरी छोटी फळं!

खरी गंमत पुढे आहे. हे फूल पहिल्या दिवशी मादी असतं आणि दुसऱ्या दिवशी नर होतं. आधी पाकळ्या थोड्याशाच किलकिल्या होतात. तेव्हा आतले स्त्रीकेसर ओलसर, चिकट असतात, पराग आला तर धरून ठेवायला तयार. पण त्याच फुलाचे पुंकेसर अजून बंद असतात. दुसऱ्या दिवशी पाकळ्या चांगल्या फाकतात, पराग मोकळा होतो, आणि तोवर स्त्रीकेसर सुकून गेलेले असतात. स्वतःचा पराग स्वतःच्या उपयोगाचा नाही. दुसऱ्या फुलाचा हवा. तो आणणार कोण?

मधमाशी नाही. वाराही नाही. आणतात तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी-काळे भुंगेरे. आंबलेल्या फळांवर जगणारे हे किडे. सीताफळाचं फूल पिकल्या फळासारखा वास सोडतं, त्या वासाने भुंगेरे अरुंद फटीतून आत शिरतात. नर झालेल्या फुलात गेले की अंगाला पराग माखून घेतात, आणि तसेच उडून मादी असलेल्या फुलात शिरतात. झालं काम!

म्हणून बाजारात एखादं वाकडं सीताफळ दिसलं, एक बाजू टपोरी आणि दुसरी खुरटी, तर त्याला नावं ठेवू नका. त्या बाजूच्या स्त्रीकेसरांपर्यंत पुरेसा पराग पोचला नसेल. कडक उन्हाळ्यात तर हवा इतकी कोरडी असते की स्त्रीकेसर लवकर सुकतात आणि फुलं तशीच गळतात. स्पेनमध्ये सीताफळाचा एक भाऊ पिकवतात, चेरीमोया. तिथे हा भुंगेऱ्यांचा उद्योग माणसं करतात. नर फुलांतला पराग गोळा करायचा आणि ब्रशने एकेका मादी फुलाला लावायचा. बागेत हजारो फुलं असतात, विचार करा! मला वाटतं, फुलांच्या दिवसांत झाडावर विषारी फवारे मारू नयेत आणि खालचा पालापाचोळाही थोडा राहू द्यावा. भुंगेरे तिथेच तर असतात.

आणखी एक गुपित. पेरूच्या किंवा आंब्याच्या फांदीवर पानाच्या बगलेत पुढच्या फुटीचा डोळा उघडा दिसतो. सीताफळाच्या फांदीवर शोधा, सापडणार नाही. कारण तो पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान जागेवर आहे तोवर डोळा झोपलेला. घरी किंवा सोसायटीत झाड असेल, तर मोठ्यांना विचारून एक जुनं पान देठासकट हळूच खुडा. देठाचं बूड पोकळ निघेल आणि त्या जागी फांदीवर लव असलेला बारीक कोंब दिसेल. हिवाळ्याच्या शेवटी सीताफळ सगळी पानं गाळून बोडकं होतं ते याचसाठी. पुरंदरचे शेतकरी हे ओळखून वागतात. पाणी तोडून झाडाला ताण देतात, छाटणी करतात, मग पाणी सोडतात, आणि नव्या फुटीबरोबर फुलं येतात. तिथेच जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. 'फुले पुरंदर' हे सीताफळाचं वाण महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं.

झाडाला फार लाड लागत नाहीत. हलकी जमीन चालते, पाणी साचलेलं मात्र चालत नाही. शेळ्यासुद्धा पानांना तोंड लावत नाहीत. त्रास देतो तो पिठ्या ढेकूण, कापसासारखा पांढरा, उंचवट्यांच्या खाचांत बसणारा. तो गोड रस सोडतो, मुंग्या तो पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात. फळाकडे मुंग्यांची रांग दिसली की समजा, पिठ्या आलाय. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढायचा.

तोडलेलं फळ घरी तांदळाच्या डब्यात का ठेवतात? फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, तो डब्यात कोंडला की पिकणं लवकर होतं. फ्रिजमध्ये मात्र कच्चं ठेवू नका, साल काळी पडते.

घरी बासुंदी करताना आईला किंवा बाबांना विचारा, सीताफळाचा गर कधी घालायचा? दूध गार झाल्यावरच! गर तापला की कडू होतो. पुण्याच्या सीताफळ मस्तानीत ती काळजीच नाही, तिथे सगळंच थंडगार.

खाऊन झालं की बिया गोळा करा, पण त्या फोडू किंवा वाटू नका. आतला भाग विषारी असतो. उवा मारायला बियांची पूड डोक्याला लावतात, आणि ती डोळ्यांत जाऊन इजा झालेली माणसं डॉक्टरांनी पाहिली आहेत. अख्खी बी चुकून गिळली, तर घाबरायचं कारण नाही, तिचं कवच टणक असतं. बिया धुऊन, वाळवून ठेवा. उन्हाळा आला की रात्रभर पाण्यात भिजवून कुंडीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल पेरा आणि माती ओलसर ठेवा. महिनाभर काहीच दिसलं नाही तरी उकरून बघू नका, सीताफळाचं बी सावकाश उगवतं. रोप वीतभर झालं की पावसाळ्यात उन्हाच्या जागी लावा. फळं यायला तीन-चार वर्षं लागतील, आणि ती आईच्या झाडासारखीच निघतील असं मात्र नाही. हुबेहूब तीच चव हवी असेल, तर रोपवाटिकेतून कलम आणावं लागेल.