अडचणीचं माप

मृगाचा पाऊस पडतो. पेरणी होते. घरात होता नव्हता तो पैसा बियाण्यात आणि खतात जातो. मग आषाढ लागतो. रान हिरवं दिसतं, पण घरात रुपया नसतो. मूग भादव्यात निघणार. सोयाबीन दसऱ्याला. कापूस दिवाळीच्या मागेपुढे. तोवर घर कसं चालवायचं?

नवा संसार असला म्हणजे ही तंगी जास्त जाणवते. मुलं लहान असतात. गाठीला काही साठलेलं नसतं. एखादं आजारपण आलं की पाय डगमगतात.

आपल्या बीड जिल्ह्यात ह्याच दिवसांत मुकादम दारात येतो. तो उचल देतो. उचल म्हणजे ऊस तोडायच्या आधीच मिळणारे पैसे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळीच्या सुमाराला गाडी येते आणि सगळं घर कारखान्याच्या रानात जातं. ते परत येतं उन्हाळ्यात.

आम्ही पुष्कळ वर्षं मास्तरकी केली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की हजेरी घेताना जीव थोडा व्हायचा. नाव पुकारावं, तर पोरं म्हणायची, "गुरुजी, ती कारखान्याला गेली." त्या मुलांची अर्धी शाळा उसाच्या फडात जायची.

ऊस तोडणं हे कष्टाचं काम आहे. त्यात कमीपणा नाही. ज्यांना रानच नाही त्यांना जावंच लागतं. पण दोन महिन्यांच्या अडचणीसाठी सहा महिने गहाण पडतात, तेव्हा वाईट वाटतं. हे टाळता येईल का? पुष्कळदा येतं. कसं, ते सांगतो.

एका आषाढात आमचा एक जुना विद्यार्थी ओसरीवर आला. तीन एकर कोरडवाहू रान. घरात बायको, दुसरीतली मुलगी आणि कडेवरचं पोर. तो म्हणाला, "गुरुजी, मुकादम पन्नास हजार देतो म्हणतोय. उद्या अंगठा देतो."

आम्ही म्हणालो, "तुला सही येते, अंगठा कशाला? आणि तुला लागतात किती?"

तो गप्प झाला. किती लागतात, हे त्याने मोजलंच नव्हतं. आम्ही वही पुढे केली आणि म्हणालो, "लिही." त्याने लिहिलं :

खुरपणीची मजुरी – २,४०० रुपये
दुकानाची उधारी – १,८०० रुपये
मुलीचं औषधपाणी – ९०० रुपये
कापसाला खत – ९०० रुपये
एकूण – ६,००० रुपये

अडचण सहा हजारांची होती. तो घेणार होता पन्नास हजार. वरचे चव्वेचाळीस हजार कशात जाणार होते? हातात आलेला पैसा वाट शोधतोच. आणि तो फेडायचा होता सगळा कोयत्यानेच. एका हंगामात फिटला नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते.

मग आम्ही म्हणालो, "घरी विचारलंस का?" तो म्हणाला, "तिला कशाला घोर?" आम्ही सूनबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, ह्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. खुरपायला आम्ही पाचजणी सावड करू. आज त्यांचं रान, उद्या माझं. मजुरी कशाला द्यायची?"

एका वाक्यात २,४०० रुपये वाचले. राहिले ३,६००.

मग तो दुकानदाराकडे गेला. तोंड चुकवलं नाही. म्हणाला, "आज ७०० देतो. बाकीचे ११०० मूग विकल्यावर देतो." दुकानदार कबूल झाला. जो येऊन सांगतो, त्याच्यावर विश्वास बसतो. दोघांनी आपापल्या वहीत आकडा लिहिला.

आता लागत होते दुकानाचे ७००, औषधाचे ९०० आणि खताचे ९००, म्हणजे २,५००. सूनबाई बचत गटात होत्या. गटाने २,५०० रुपये दिले. व्याज महिन्याला शेकडा २. दोन महिन्यांनी मूग विकला. गटाला २,६०० दिले, दुकानदाराला ११०० दिले. मुकादम दुसऱ्या घरी गेला. मुलगी दिवाळीनंतर शाळेत होती.

ह्यात चमत्कार काही नाही. अडचणीचं माप काढलं, एवढंच. अडचण कितीची आहे आणि किती दिवसांची आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. मापाएवढंच घ्यावं. फेडायचा पैसा कुठून येणार, तेही घेतानाच ठरवावं.

लहान माणसांची अडचण पुष्कळदा लहानच असते. १९७६ साली बांगलादेशात जोबरा नावाच्या खेड्यात मुहम्मद युनूस नावाच्या प्राध्यापकांनी असंच माप काढलं. त्या गावात ४२ गोरगरीब माणसं देण्यात अडकली होती. सगळ्यांचं मिळून देणं भरलं २७ डॉलर. माणशी एक डॉलरसुद्धा नाही! प्राध्यापकांनी ते आपल्या खिशातून दिले. त्यातूनच पुढे १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता व्याजाचा हिशेब समजून घेऊ. "शेकडा पाच" हे ऐकायला थोडं वाटतं. पण ते महिन्याचं असतं. सहा हजारांवर महिन्याला ३०० रुपये. वर्षाला ३,६००. एवढे देऊनही मुद्दल सहा हजार जागच्या जागी! शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला शेकडा साठ. म्हणून कुणी दर सांगितला की आधी विचारावं, "महिन्याचा की वर्षाचा?"

गटाचं व्याजही फुकट नसतं. दोन महिन्यांत फेडलं तर ते हलकं पडतं. रेंगाळलं तर तेही जड होतं. मात्र ते व्याज गटातच राहतं आणि पुढे आपल्याच बायाबापड्यांच्या कामी येतं.

सावकारासाठी कायदा आहे. महाराष्ट्रात २०१४ साली नवा सावकारी कायदा आला. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. त्याच साली सरकारने दरही ठरवून दिले. शेतकऱ्याला तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर वर्षाला शेकडा ९ आणि विनातारण शेकडा १२. व्याजावर व्याज लावता येत नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. पैसे दिल्याची पावती मागणं हा आपला हक्क आहे. कुणी बिनपरवाना सावकार छळत असेल, तर सहकार खात्याच्या निबंधक कचेरीत लेखी तक्रार करता येते.

आणखी वाटा आहेत. घरात शेळ्या असतील तर एखादी विकावी. शेळी ही गरिबाची ठेवच आहे. पण बैल विकू नये आणि शिलाईचं यंत्र विकू नये. जे आपल्याला कमवून देतं, ते राखावं. सोन्याचा मणी असेल तर तो मोडण्याआधी बँकेत तारण ठेवून कर्ज मिळतं का ते पाहावं. आजारपणात आधी सरकारी दवाखाना गाठावा.

रोजगार हमीचं कामही मागता येतं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यात लाखो माणसं अशा कामांवर जगली. १९७७ साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला आणि २००५ साली देशाचाही कायदा झाला. पुढे नियम बदलत आले आहेत, म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन आजचा नियम विचारावा. कामाची मागणी कागदावर लिहून द्यावी आणि पोच घ्यावी. एक ध्यानात ठेवावं, ही मजुरी हातात पडायला दिवस लागतात. म्हणून काम लवकर मागावं.

आणि एवढं करूनही उचल घ्यावीच लागली तर? मग डोळे उघडे ठेवून घ्यावी. किती घेतली, कोणत्या तारखेला घेतली, टनाला काय भाव ठरला, हे आपल्या वहीत लिहावं. कोऱ्या कागदावर सही करू नये, अंगठाही देऊ नये. मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवता येतं का ते पाहावं. हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे शाळेत विचारावं. शाळा सुटू देऊ नये.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात, लिहायला शिकलात. ते कशासाठी? ह्याचसाठी. आज रात्री घरच्या माणसाला जवळ बसवा. एक वही घ्या. एका बाजूला लिहा, काय द्यायचं आहे. दुसऱ्या बाजूला लिहा, काय येणार आहे आणि केव्हा. मनातली अडचण डोंगराएवढी वाटते. कागदावर उतरली की तिचं खरं माप कळतं.