ऐकणारे यंत्र

काडेपेटीएवढे यंत्र, त्यात हजारो गाणी आणि किंमत एखाद्या बऱ्या साडीपेक्षा कमी! अशी वस्तू दुकानात पुढ्यात आली की गिऱ्हाइकाच्या तोंडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “यात गाणी किती मावतात?” दुकानदारही त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो. “आठ जीबीत दोन हजार कुठं गेली नाहीत, बाई!” असे म्हणून तो रंगीत पडदा लखलखवून दाखवतो, आणि सौदा ठरतो. खोक्यावर गुणांची जी यादी छापलेली असते, तिच्या अगदी तळाशी, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा एक गुण अंग चोरून बसलेला असतो : आवाजाचे ध्वनिमुद्रण. वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे, की असे यंत्र घेताना ही यादी खालून वर वाचावी.

हे शहाणपण मला आमच्या सासूबाईंमुळे सुचले. त्यांना सगळे माई म्हणतात. वय ८३. वर्तमानपत्र पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचण्याची त्यांची सवय. पण दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग कामातून गेला आणि वाचन सुटले. आता दिवसभर सोबतीला नाट्यगीते आणि अभंग हवेत. मोबाईलवर लावून दिले, तर बोट भलतीकडे लागून भलतेच काही सुरू होते. “या काचेवर काय चाचपायचं?” माई म्हणाल्या, “रेडिओला निदान पिळायला कान तरी होता!”

ही झाली त्यांची गरज. माझी निराळीच होती. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. एम. ए.च्या वर्गात छापील संग्रहातून ओव्या शिकवायच्या, आणि घरी येऊन पाहावे तर वाई तालुक्यातल्या एका खेड्यात आईच्या मांडीशी बसून दळण ऐकलेली ही बाई स्वयंपाकघरात तीच चाल गुणगुणत असायची! गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. माझ्या मुलीने एकदा हट्टाने भावाबहिणीच्या ओव्या म्हणायला लावल्या, तर वर्षापूर्वी सलग आलेल्या पाचांपैकी दोनच आल्या. बाकीच्या तीन माईंनी पुष्कळ आठवून पाहिल्या. शेवटी “राहू दे गं, येतील” म्हणून त्यांनी विषय बदलला. तेव्हा मी मनाशी ठरवले, की आता जे यंत्र घ्यायचे ते माईंना ऐकवणारे तर हवेच. पण माईंचे ऐकणारेही हवे. मर्यादा तीन हजार रुपयांची.

गंमत अशी, की या यंत्राच्या पणजोबाला दोन्ही कामे येत होती. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला, तो आवाज टिपून घेई आणि पुन्हा ऐकवीही. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, बर्लिनरचा ग्रामोफोन आला. त्याच्या तबकड्यांच्या प्रती हव्या तितक्या काढता येऊ लागल्या. परंतु घरातले यंत्र केवळ वाजवणारे झाले, कान गेला आणि तोंड राहिले. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, तेव्हा घराला हा कान परत मिळाला. आमच्या पिढीला त्या ध्वनिमुद्रकाची दोन बटणे एकदम दाबल्याचे चांगले आठवत असेल. मग १९७९ चा वॉकमन. सोनी कंपनीने बातमीदारांसाठी ‘प्रेसमन’ नावाचा छोटा ध्वनिमुद्रक काढला होता. त्यातली मुद्रणाची सोय काढून टाकली, स्टिरिओ संगीताची सोय घातली, आणि पहिला वॉकमन जन्माला आला! १९९८ मध्ये दक्षिण कोरियातून एमपी३ वाजवणारा खिशातला पहिला संच निघाला. त्यात जागा ३२ एमबी, म्हणजे गाणी जेमतेम अर्ध्या तासाची. २००१ चा पहिला आयपॉड गाण्यांचे भांडार घेऊन आला. पण त्यालाही मायक्रोफोन नव्हता. तो आयपॉडही २०२२ मध्ये बंद झाला. सारांश, ऐकवण्याच्या सोयीपुढे ऐकण्याची सोय वारंवार मागे पडत आली आहे. खोक्यावरच्या यादीत ती तळाशी का, याचे उत्तर या इतिहासात आहे.

साहजिकच घरून आक्षेप आला. “अगं, मोबाईलमध्ये हे सगळं असतंच की!” हे म्हणाले. असते, हे खरे. मोबाईलचे मुद्रण पुष्कळदा चांगलेही असते, आणि ज्यांच्या घरी जुना मोबाईल रिकामा पडला आहे त्यांनी खुशाल तोच वापरावा. मात्र माणसाला बोलते करून मोबाईल पुढे ठेवावा आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी फोन यावा, हा अनुभव सर्वांना आहे. शिवाय मोबाईल ही एका माणसाची वस्तू असते. ती त्याच्याबरोबर कचेरीत जाते, आणि आजीला जे आठवते ते नेमके दुपारी तीन वाजता, घरी कोणी नसताना! खिळ्याला अडकवून ठेवलेले, कोणीही चाचपून चालू करावे असे स्वतंत्र यंत्र घरात असण्याचा फायदा हाच.

आता निवड कशी करावी ते सांगते. पहिली परीक्षा आवाजाची. दुकानात यंत्र चालू करायला लावावे, ते तोंडापासून वीतभर अंतरावर धरावे आणि चार शब्द बोलावेत. मग ते टेबलावर ठेवून तीन पावले मागे सरकावे आणि पुन्हा तेच शब्द बोलावेत. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाजाचा जोर चौथाईवर येतो. त्यामुळे यंत्राचा खरा कस लांबूनच लागतो. शब्द कोणते? मी म्हणाले, “चमचाभर साखर, चहा, शेंगदाणे.” दुकानातला मुलगा हसू लागला. पण या चार शब्दांत मराठीची मोठी परीक्षा आहे. ‘चमचा’ मधला च निराळा आणि ‘चहा’ मधला निराळा. लिपीत दोघांना अक्षर एकच, फरक कळतो तो फक्त कानाला. हा फरक, तसाच स आणि श यांतला फरक, आवाजातल्या उंच, सुसकारणाऱ्या भागावर अवलंबून असतो. हलकी यंत्रे नेमका तोच भाग छाटतात. मग साखर आणि शेंगदाणे एकाच सुरात ऐकू येतात. ऐकताना त्या यंत्राच्या चिमुकल्या कर्ण्यावर विसंबू नये, कानात घालायचे इअरफोन सोबत न्यावेत.

याच परीक्षेत आणखी एक खोड कळते. बोलणारा थांबला की काही यंत्रे आपोआप कान टवकारतात, आणि त्या क्षणी पंख्याची घरघर एकदम मोठी होते. माणूस पुन्हा बोलू लागला की ती दबते. वयस्कर माणसे वाक्यावाक्याला थांबतात, त्यामुळे अशा यंत्रावर त्यांचे बोलणे ऐकणे ही शिक्षाच होते. आवाजाची पातळी हाताने ठरवता येत असेल, तर ते यंत्र दोन-तीनशे रुपये जास्त देऊनही घ्यावे.

दुसरी परीक्षा हिशेबाची. एमपी३ पद्धतीत १२८ केबीपीएस या दर्जाने टिपले, तर मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते; म्हणजे ८ जीबीत सव्वाशे तासांहून अधिक बोलणे बसते. वेव्ह नावाच्या, काटछाट न करणाऱ्या पद्धतीत एकाच मायक्रोफोनचा आवाज उत्तम दर्जाने टिपला, तर तासाला तीनशे एमबीच्या वर जागा जाते. तरीही ८ जीबीत वीस तासांहून अधिक मावतात. तेव्हा जागेची काळजी करून दर्जा खाली आणण्याचे काही कारण नाही. फक्त ती जागा खरी आहे ना, हे पाहावे. आमच्या शेजाऱ्यांच्या यंत्रावर ३२ जीबी छापलेले होते. प्रत्यक्षात आठाच्या पुढे जे भरले ते परत वाजेचना! म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत यंत्र एकदा काठोकाठ भरून वाजवून पाहावे.

तिसरी परीक्षा बोटांची. डोळे मिटून यंत्र हातात घ्यावे. चालू, बंद, पुढे, मागे आणि मुद्रण ही पाचही बटणे चाचपून ओळखू आली पाहिजेत. मुद्रणाला स्वतंत्र बटण असावे, आणि ते एकदा दाबले की मुद्रण सुरू व्हावे. यादीतून यादीत शिरून चौथ्या पायरीवर मुद्रण सुरू होत असेल, तर तोवर सांगणारा गोष्ट विसरतो. रंगीत पडद्याचे एक देखणे यंत्र मी याच कारणासाठी परत ठेवले आणि जाड बटणांचे, जरा गावठी दिसणारे घेतले. त्याच्या मुद्रणाच्या लाल बटणावर कुंकवाच्या टिकलीएवढा खरखरीत कागद चिकटवला. माईंना ते पहिल्या दिवशीच सापडू लागले.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात. बॅटरी बदलता येणारी मिळाली तर उत्तम. आत बसवलेली असेल, तर ती काही वर्षांनी थकणार हे धरून चालावे. यंत्र तारेने संगणकाला जोडले की आतले सारे एखाद्या कप्प्यासारखे उघडते की नाही, हे विचारून घ्यावे. आणि गाण्यांविषयी एक सूचना : मोबाईलवर वर्गणी भरून ऐकतो ती गाणी उचलून या यंत्रात टाकता येत नाहीत, स्वतःच्या सीडीवरून उतरवलेली किंवा विकत घेतलेली एमपी३ गाणीच त्यात चालतात. माईंसाठी आमच्या कपाटातल्या सीड्या पुरल्या.

यंत्र आले. माईंना समोर बसवून मी म्हणाले, “हं, माई, म्हणा ओवी.” एक अक्षर फुटेना. “अशी उगीच बसून कुणी ओवी म्हणतं का?” त्या म्हणाल्या. आणि ते बरोबरच होते! ओवी ही हाताच्या फेऱ्याबरोबर येणारी. जाते थांबले की तीही थांबायची. जाते आता कुठून आणणार? मी त्यांच्यापुढे कापूस ठेवला आणि वाती वळायला सांगितल्या. पंखा बंद केला, कुकर उतरवला, यंत्र घडी केलेल्या टॉवेलवर वीतभर अंतरावर ठेवले. कारण लाकडी पाटावर ठेवले तर पाटाची धडधडही त्यात उतरते. दहाएक वाती झाल्या आणि चाल सुरू झाली. त्या दुपारी बावीस ओव्या आल्या. हरवलेल्या तिनांपैकी दोन त्यात होत्या. तिसरी अजून आलेली नाही.

एका घरातल्या चार ओव्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि त्यांतल्या कित्येक गाणाऱ्या बाईच्याच आवाजात ऐकायला मिळतात. तो लाखाचा ठेवा अशाच एकेका घरातून, एकेका दुपारी जमला आहे. जे घर आपले आहे, तिथे मात्र दुसरे कोणी येईल म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

मुद्रण झाल्यावरचे कामही तेवढेच महत्त्वाचे. ज्याचा आवाज घ्यायचा त्याला आधी सांगावे. चोरून टिपलेल्या आवाजात आपलेपणा राहत नाही. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि साल आपण स्वतः बोलून टाकावे. म्हणजे पुढे ओळख पटवायला कागद शोधावा लागत नाही. त्याच संध्याकाळी ते संगणकावर उतरवावे आणि दुसरी प्रत नात्यातल्या निराळ्या घरी ठेवावी. खिशात मावणारी वस्तू खिशातून पडणारही. तिला तिजोरी समजू नये.

आता दिवाळीला घरोघर चार माणसे जमतील, फराळाची ताटे पुढे येतील. त्यांत एखादी आत्या, एखादे काका असे असतीलच, की ज्यांच्या तोंडची मराठी आपल्या मुलांनी फारशी ऐकलेली नाही. “तुमच्या लहानपणची आठवण सांगा” असे म्हटले तर ती मंडळी संकोचतात. त्यापेक्षा भाजणीचे प्रमाण विचारावे, चकली कशाने मोडते ते विचारावे, आणि त्यांच्या देखत लाल बटण दाबावे. प्रमाण सांगता सांगता कोणाचे माजघर निघते, कोणाची चूल निघते, कोणाच्या आईचा हात निघतो. चकलीचे प्रमाण तर मिळतेच.