महिन्याचा किराणा गेला, उधारी उरली

सुपरमार्केट आलं म्हणून गावातलं किराणा दुकान दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. आधी त्याचं महिन्याचं गिऱ्हाईक जातं. ठाणे जिल्ह्यात वांगणीच्या बाजूला किंवा बारवी धरणावरून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गावांत ज्या घरात ठरल्या तारखेला पगार येतो, दारात मोटारसायकल नाहीतर गाडी असते, ते घर महिन्याचा किराणा भरायला शहरात जाऊ लागतं. तेल, तूरडाळ, तांदूळ, साबण, कपडे धुण्याची पावडर, सगळं एका फेरीत येतं. गावातल्या दुकानाला उरतात पाच रुपयांची चहाची पुडी, शाम्पूचं पाऊच, पाव किलो साखर आणि उधारी. वीटभट्टीवर हंगाम काढणारी कातकरी कुटुंबं, ठाकूरवाडीतले शेतमजूर, एमआयडीसीत कंत्राटावर जाणारे कामगार, यांच्या हाती पैसा येण्याचा दिवस ठरलेला नसतो. त्यांच्या उधारीची वही चालत होती ती महिन्याच्या किराण्यावर सुटणाऱ्या नफ्यातून. विजेचं बिल, गाळ्याचं भाडं, उधारीत अडकलेलं भांडवल हे सगळं त्याच पैशातून निघत होतं. तो आटला की दुकानदार आधी माल कमी भरतो, मग उधारी आखडतो. शटर कायमचं ओढायची वेळ सगळ्यांत शेवटी येते. तोवर पावशेर तेलासाठी एसटीचं भाडं मोजायची पाळी गावातल्या सर्वांत गरीब माणसावर आलेली असते. मुरबाड तालुक्यात रेल्वेही नाही. सरळगाव, टोकावड्याच्या पुढच्या पाड्यांवरून शहर गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. छोट्या दुकानांचा प्रश्न हा व्यापाऱ्यांचा आपसातला तंटा आहे असं समजणाऱ्यांनी या माणसाचा हिशेब मांडून पाहावा.

छोट्या दुकानांच्या संरक्षणाची जी व्यवस्था आपल्याकडे कागदावर आहे, ती उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या या पट्ट्यात नेमकी निसटते. सप्टेंबर 2012 मध्ये केंद्र सरकारने अनेक ब्रँडच्या किरकोळ विक्रीत 51 टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हा अटी घातल्या होत्या. किमान 10 कोटी डॉलरची गुंतवणूक, 30 टक्के खरेदी लहान उद्योगांकडून, राज्य सरकारची संमती, आणि मुख्यतः दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांतच दुकानं. महाराष्ट्राने संमती दिली. लोकसंख्येची अट लहान गावांच्या बाजारपेठा वाचाव्यात म्हणूनच होती. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती सुमारे 5 लाख 6 हजार, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाख होती. दहा लाखांच्या जवळपासही यातलं एक शहर जात नाही. पण त्याच जनगणनेने ही तिन्ही शहरं बृहन्मुंबईच्या नागरी समूहात धरली आहेत, आणि समूहाच्या हद्दीबाहेर आणखी 10 किलोमीटरपर्यंत दुकान काढायला नियमाची मुभा आहे. बदलापूरच्या वेशीपासून 10 किलोमीटरांत शेती आहे, जंगल आहे, आदिवासी वाड्या आहेत. या नियमापुरती ती सगळी मुंबई ठरली. शिवाय ही अट फक्त परकीय पैशाला लागू. तो पैसा या मार्गाने फारसा आलाच नाही. टाटांच्या ट्रेंटबरोबर भागीदारी करून टेस्को आली, एवढंच ठळक उदाहरण. खरी चढाओढ देशी साखळ्यांशी आहे. 2002 साली पवईत पहिलं दुकान थाटलेल्या डी-मार्टला किंवा रिलायन्सला लोकसंख्येची अट कधी नव्हतीच.

म्हणून काही संघटना सरळ मागणी करतात की मोठ्या दुकानांना परवानगीच देऊ नका. या मागणीविरुद्धचा आक्षेप भक्कम आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. बदलापूरची वस्ती 2001 ते 2011 या दहा वर्षांत सुमारे 98 हजारांवरून पावणेदोन लाखांवर गेली. मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून आलेली, घराचा हप्ता आणि लोकलचा पास सांभाळून जगणारी ही कुटुंबं आहेत. किराण्यात महिन्याला वाचणारे तीन-चारशे रुपये त्यांना मोठे असतात. दुकानदाराचा नफा टिकावा म्हणून त्यांनी ते सोडावेत, असं सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परवान्याच्या वाटेचा जगाचा अनुभवही चांगला नाही. फ्रान्सने 1973 साली रॉयर कायदा करून मोठ्या दुकानांना स्थानिक समित्यांची परवानगी सक्तीची केली. आधीच पाय रोवून बसलेल्या साखळ्यांना नव्या स्पर्धकांपासून त्यामुळे आयतं संरक्षण मिळालं, परवान्यांभोवती लाचखोरी माजली. जपानने त्याच वर्षी तसाच कायदा केला आणि 2000 साली तो गुंडाळला. आपल्याकडे नगरपालिकेच्या टेबलावर असा परवाना आला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

दुकानदार हरतो तो बहुतेकदा विक्रीच्या टेबलावर नाही, खरेदीच्या बिलावर. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, पॅकबंद मसाले यांवर छापील किंमत असते. साधारणपणे वितरकाला तिच्यातले चार-पाच टक्के आणि दुकानदाराला आठ ते बारा टक्के सुटतात. समजा, शंभर रुपयांची वस्तू दुकानदाराच्या हाती नव्वदला पडली. तीच वस्तू साखळी दुकानात 87 रुपयांना मिळत असेल, तर दुकानदाराने कितीही घाम गाळला, नफा शून्यावर आणला, तरी त्याला तो भाव देता येत नाही. याहून मोठी डोकेदुखी म्हणजे खास पॅक. एकावर एक फुकट, मोठ्या पाकिटावर जादा सूट, या योजना साखळ्यांकडे जातात आणि गावच्या दुकानात सेल्समन फक्त नेहमीचं पाकीट घेऊन येतो. वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने जानेवारी 2022 मध्ये याच मुद्द्यावर महाराष्ट्रात असहकार पुकारला आणि कोलगेटच्या मालाची उचल रोखली. साखळ्यांना आणि दुकानदारांना थेट घाऊक माल पुरवणाऱ्या बी-टू-बी कंपन्यांना ज्या भावात माल देता, त्याच भावात आम्हाला द्या, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारकडे अनुदान किंवा बंदी मागणारं ते आंदोलन नव्हतं.

यावर अर्थशास्त्राचा जाणकार म्हणेल की घाऊक घेणाऱ्याला स्वस्त मिळणारच, त्यात अन्याय कसला? त्याचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. एका गोदामावर अख्खा ट्रक रिकामा करणं आणि तीस वाड्यांवर टेम्पो फिरवणं यांचा खर्च सारखा नसतो. डी-मार्ट पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करते, त्याची सूट तिला मिळाली तर तीही रास्त आहे. पण वाचलेल्या खर्चाएवढी सूट वेगळी आणि केवळ मोठ्या खरेदीदाराच्या दबावाखाली दिलेली सूट वेगळी. दुसऱ्या सुटीची भरपाई कंपनी कुठून तरी करते, आणि सौदा करायची ताकद नसलेला छोटा दुकानदार त्यासाठी सगळ्यांत सोयीचा असतो. अमेरिकेने हा फरक 1936 सालीच कायद्यात आणला. त्या काळी ए अँड पी नावाची किराण्याची साखळी पुरवठादारांकडून अशाच सवलती उकळत होती, म्हणून रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. एकाच मालाला दोन खरेदीदारांकडून वेगळा भाव घेऊन स्पर्धा मारायची नाही. खर्चातला फरक सिद्ध करता आला तर मात्र मोकळीक. तो कायदा पुढे अनेक दशकं जवळपास पडून राहिला हे खरं, पण तो दोष अंमलबजावणीचा आहे. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यात भेदभावाच्या भावाची तरतूद कलम 4 मध्ये आहे, आणि ती फक्त बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीला लागते. टूथपेस्टमध्ये एखादी कंपनी वर्चस्वाची ठरेलही. बिस्किटं, साबण, मसाले यांत चार-पाच कंपन्या बाजार वाटून घेतात आणि कलमाच्या बाहेर राहतात. बदल इथे हवा. भावातला फरक खर्चाच्या फरकाएवढाच आहे हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आणि योजनेची पाकिटं सर्व वितरकांना उपलब्ध करणं बंधनकारक केलं, तर ग्राहकाचा खर्च एका रुपयानेही वाढणार नाही. उलट गावातला भाव उतरेल.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचीही गरज नाही, आणि या बाबतीत उल्हासनगर इतर शहरांपेक्षा सुस्थितीत आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी 1949 साली हे नाव मिळालेल्या वसाहतीतून कपडा, फर्निचर, जीन्सच्या मोठ्या बाजारपेठा उभ्या केल्या, त्या थोड्या नफ्यावर भरपूर माल फिरवून. एकत्र माल उचलण्याचं ज्ञान या शहरात मुरलेलं आहे. ते किराण्यात वळवण्याची निकड आता वाढली आहे, कारण छोट्या दुकानदारांना घाऊक माल विकणारी मेट्रो कॅश अँड कॅरी 2023 मध्ये रिलायन्स रिटेलकडे गेली आणि वॉलमार्टची बेस्ट प्राइस त्याआधीच फ्लिपकार्टकडे. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच गोदामातून खरेदी. जर्मनीत 1898 साली बर्लिनच्या किराणा दुकानदारांनी एकत्र खरेदीसाठी सहकारी संस्था काढली. ती एडेका आज त्या देशातला किराण्याचा सर्वांत मोठा समूह आहे आणि दुकानं चालवणारे व्यापारी अजूनही तिचे मालक आहेत. आपल्याकडे वारणानगरचा वारणा बाजार ग्रामीण भागात सहकारातून उभा राहिला, आणि 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदी करते. ग्राहकांना जे जमलं ते दुकानदारांना का जमू नये? अडचण भांडवलाची आहे. उल्हासनगरातल्या कितीतरी गाळ्यांची कागदपत्रं स्वच्छ नाहीत. अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी 2006 साली खास कायदा करावा लागला, तरी मालकीच्या सनदांचं घोंगडं भिजत पडलं. कागद नसलेल्या गाळ्यावर बँक कर्ज देत नाही. सनदांची प्रकरणं निकाली काढणं हे किराणा व्यापाराला दिलेलं संरक्षणच ठरेल, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

शेवटचा आक्षेप ग्राहकाच्या तोंडून नेहमी ऐकू येतो: छोटा दुकानदार बिल देत नाही, वजनात मारतो, आडगावात छापील किमतीवर दोन रुपये चढवतो. हे होतं, आणि उधारीच्या वहीत अडकलेल्या गरिबाला तक्रारही करता येत नाही. म्हणूनच समान भावाची सवलत अटींशिवाय नसावी. दुकानदारांच्या अशा एकत्र खरेदीच्या संघाचं सभासदत्व हवं असेल तर प्रमाणित काटा, प्रत्येक खरेदीचं बिल आणि उधारीची नोंद ग्राहकाच्याही हातात, या तीन गोष्टी सक्तीच्या असाव्यात. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत एक टक्का कर भरून हिशेब सोपा ठेवता येतो, तेव्हा बिलाची सबब टिकणारी नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या व्यापारी संघटनांनी हे बंधन आधी स्वतःवर घालून घ्यावं आणि ते हातात घेऊनच कंपन्यांच्या दारात भावाचा हिशेब मागायला जावं.